बुधाच्या शेपटीतलं भांडण

महादेव,

शोकसभेत एका वक्त्याने तुला 'मितभाषी' म्हटलं. मी मागच्या रांगेत होते, शेजारी तुझी बायको. सुमनवहिनींनी पदर सारखा करत माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघींनी पटकन माना खाली घातल्या. लोकांना वाटलं, आम्ही रडतोय. तुझ्या आवाजाने भौतिकशास्त्र विभागाच्या जिन्यावर झोपलेलं कुत्रं उठून जायचं, हे त्या वक्त्याला कोणी सांगितलं नसावं. तुझा जन्म, शिक्षण, नोकरी सगळं त्याने बरोबर सांगितलं आणि तरी तो दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत होता.

मलाही बोला म्हणाले होते. मी नको म्हटलं. आपला वाद अर्धा राहिलेला असताना एकटीने उठून बोलणं मला बरं दिसेना. तुला मधेच उठून 'चूक!' असं ओरडता आलं नसतं, आणि न ओरडणाऱ्या तुझ्यासमोर बोलायची मला सवय नाही. म्हणून हे आता लिहिते आहे.

वाद कशाचा, ते आधी सांगायला हवं, कारण वाचणाऱ्या सगळ्यांना ते ठाऊक नसेल. मी सोपं करून सांगायला लागले की तू कपाळाला हात लावायचास. लाव.

सूर्याकडून विद्युतभारित कणांचा वारा सारखा वाहत असतो. ज्या ग्रहाला स्वतःचं चुंबकत्व आहे, त्याचं चुंबकीय क्षेत्र या वाऱ्याने मागे ओढलं जातं आणि ग्रहाच्या रात्रीच्या बाजूला त्याची एक लांब शेपटी होते. शेपटीच्या वरच्या अर्ध्या भागात क्षेत्राची दिशा ग्रहाकडे, खालच्या अर्ध्यात ग्रहापासून दूर. मधे एक पातळ थर असतो, तिथे दोन्ही दिशा एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. भारित कण एरवी गोल गोल घिरट्या घालत पुढे सरकतो. मधल्या थरात मात्र त्याला गोल पुरा करता येत नाही. थर ओलांडला की त्याचं वळण उलटं पडतं. मग तो वर-खाली नागमोडी जात राहतो आणि शेवटी कुठल्यातरी बाजूला फेकला जातो.

आपण बुध निवडला. त्याला धड वातावरण नाही. उन्हाने आणि सूर्याच्या वाऱ्याने त्याच्या खडकांतून सोडियमचे अणू उडतात, त्यांतल्या काहींवर विद्युतभार येतो, ते मागे शेपटीत ओढले जातात आणि त्यांतलेही काही परत येऊन बुधाच्याच अंधाऱ्या बाजूवर आदळतात. घरातून निघालेलं घरी परत. आपला प्रश्न एवढाच होता की, मधल्या थरातून जाऊन आलेल्या कणाला आपण कसे निघालो होतो हे 'आठवतं' का? तू म्हणायचास, एकदा तिथून गेला की सगळं विसरतो. मी म्हणायचे, बहुतेक विसरतात, पण सगळे नाही. कुठल्या वेगाच्या किती कणांना आठवतं, याच्या आपल्या आलेखात एका जागी छोटासा उंचवटा दिसायचा. ठराविक वेगाने शिरलेले कण त्या थरात असे नेमके झोके घ्यायचे की ज्या कलाने, म्हणजे ज्या तिरक्या कोनात, आत गेले, त्याच कलाने बाहेर पडायचे. तो उंचवटा खरा की आपल्याच हिशेबातला दोष, एवढ्यावर आपली शेवटची काही वर्षं गेली. आता माणसं विचारतात, एवढी वर्षं काय करत होता दोघं. मी म्हणते, काम.

तू ते काम दोन पायांवर करायचास, एक विभागात आणि एक गोठ्यात. कोल्हापूरच्या शनिवार पेठेतलं तुमचं गवळ्याचं घर. प्राध्यापक झाल्यावरसुद्धा तू सकाळी म्हशी घेऊन गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर उभा असायचास. गिऱ्हाईक समोर थांबायचं, तू धार काढायचास आणि फेसाळलेला पेला तसाच त्याच्या हातात द्यायचास. मग अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून विभागात. अंगाला साबणाचा वास आणि त्याखाली जरासा शेणाचा. एका पाहुण्या प्राध्यापकाने नाक मुरडलं तेव्हा तू त्याला म्हणालास, "सर, तुमी ज्याचा चहा घेताय न्हवं, त्येचाच वास हाय ह्यो." त्याने चहा खाली ठेवला, मग थोड्या वेळाने परत उचलला.

आपले दोन नियम होते. पहिला, दोघांची मान हलल्याशिवाय कुठलाही शोधनिबंध बाहेर जाणार नाही. दुसरा शिक्षेचा. मला दूध सोसत नाही. जयसिंगपूरला आमच्या घरी दूध चहात पडायचं ते रंग बदलण्यापुरतं, नुसतं दूध प्यायची पोटाला सवयच लागली नाही. हे कळल्याबरोबर तू माझी शिक्षा ठरवून टाकलीस. वादात हरले की गंगावेशीत म्हशीपुढे उभं राहून कोमट, फेसाळ दुधाचा भरलेला पेला एका दमात संपवायचा. तुला ती शिक्षा देऊन उपयोग नव्हता, तुला ती बक्षीस वाटली असती. म्हणून तुझ्यासाठी मी वेगळी शोधली. तू हरलास की दिवसभर एक शब्द बोलायचा नाही.

"ही शिक्षा न्हाय, ह्यो छळ हाय," तू तेव्हाच म्हणाला होतास.

मी हरले तेव्हा प्रत्येक वेळी पेला संपवला, नाक दाबून का होईना. कट्ट्यावरचे सगळे गवळी मजा बघायला यायचे. तू मात्र एकदाही दिवस पुरा केला नाहीस. एकदा अख्खी सकाळ काढलीस. वर्गात फळ्यावर लिहून शिकवलंस, मुलांना वाटलं सरांचा घसा बसलाय. आणि जेवायच्या सुट्टीत कुणीतरी प्रयोगशाळेची खिडकी उघडी टाकली म्हणून असा गरजलास की खालच्या मजल्यावरून लोक वर आले. मी म्हटलं, संपलं, बोललास. तू म्हणालास, "ते बोलणं न्हवतं, वरडणं हुतं." यावर आणखी एक वाद झाला. तो तू जिंकलास, कसा ते मला अजून कळलेलं नाही.

बुधाच्या कामाची सुरुवातच आपण घोटाळ्याने केली होती, आठवतं? पृथ्वीच्या शेपटीसाठी लिहिलेला जुना प्रोग्रॅम उचलला, ग्रह बदलला, क्षेत्र बदललं, सोडियम घातलं, आणि शेपटीची लांबी बदलायची तेवढी राहून गेली. आलेख इतका देखणा आला की आपण विभागात पेढे वाटले. मग एका सकाळी तुझा फोन आला. मागे म्हैस हंबरत होती, बादलीत धार वाजत होती.

"कांबळे, घात झाला! शेळीला म्हशीचं शेपूट लावलंय की आपण!"

एम.एस्सी.च्या हजेरीपासून तू मला आडनावानेच हाक मारायचास. मी प्रोग्रॅम उघडून पाहिला. बुधाएवढ्याशा ग्रहामागे पृथ्वीची शेपटी लोंबत होती. पेढे काही परत मागता येत नव्हते. महिनाभर विभागात जो भेटेल तो विचारायचा, शेळी कशी आहे? या फजितीने मी नको तितकी शहाणी झाले आणि पुढच्या वेळी शेपटी चांगली आखूड कापली. कापलेल्या टोकाशी जो कण पोचेल तो गेला असं धरायचं आणि मोजणीतून काढून टाकायचं.

तिथेच तू मला पकडलंस.

"तू काय करतीस सांगू? जी म्हस घरला आली तिलाच इचारतीस, बाई, तुला वाट लक्षात हुती काय? ती व्हय म्हणणारच की. ज्या पलीकडं गेल्या त्यास्नी कोण इचारणार?"

"त्या गेल्या. त्यांना काय विचारायचं?"

"गेल्या कुठं? तू शेपूट तोडलंस म्हणून गेल्या. लांब करून बघ. त्यातल्या लई जणी उशिरानं माघारी येतील, कशाबी येतील, आन तुझा उंचवटा सपाट हुतोय का न्हाय बघ."

शेपटी लांब करायची तर विभागातला संगणक बरेच दिवस अडकून पडणार होता आणि मुलांच्या प्रात्यक्षिकांना तोच लागायचा. मी हे कारण पुढे करत राहिले. कारण खरंही होतं. पण तू शेपटीचं नाव काढलंस की मी विषय बदलायचे, हेही खरं होतं. तुझा आक्षेप चांगला होता. चांगल्या आक्षेपाचा मला फार राग येतो.

दिवाळीच्या पाडव्याला एकदा तू मला मुद्दाम म्हशींची मिरवणूक बघायला नेलंस. कोल्हापुरात राहून मी ती कधी नीट पाहिली नव्हती, यावर तुझा विश्वास बसत नव्हता. तुझी म्हैस हरणी अशी सजली होती की मी तिला ओळखलंच नाही. शिंगं रंगवलेली, त्यांना मोरपिसं, गळ्यात कवड्यांची माळ, पायांत घुंगरू. तू मोटारसायकलचा सायलेन्सर काढून ठेवला होतास. तू गाडी रेस करायचास आणि हरणी त्या आवाजामागे पळायची. दोरी नाही, काठी नाही. तू वळलास की ती वळायची. कोपऱ्यावर गर्दीत सगळ्यांच्याच गाड्या एकदम फटफटायला लागल्या आणि तू मागे पाहिलंस तर हरणी नाही. ती दुसऱ्याच कुणाच्या गाडीमागे निघून गेली होती.

तुला एवढं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. गल्लीबोळ पालथे घातलेस. दिवेलागणीला घरी आलो तर हरणी दारात उभी. एक मोरपीस मोडलेलं, बाकी धड. आणि धाप खाली बसायच्या आत तू माझ्याकडे वळलास.

"बघितलंस? मधल्या गर्दीत शिरली आन इसरली."

"परत आली ना पण?"

"ती मला वळखून न्हाय आली. पेंड आठवली म्हणून आली."

"म्हणजे काहीतरी आठवलंच की."

"तुला काय, सगळीकडं उंचवटाच दिसतोय," असं म्हणून तू तिच्या खुरात काही रुतलंय का बघायला खाली बसलास आणि बराच वेळ उठला नाहीस. मी घंगाळातल्या पाण्याकडे बघत उभी राहिले. तुझे डोळे मी पाहिले नाहीत असं तुला वाटू देणं मला सोयीचं होतं.

दवाखान्यात डॉक्टरांनी तुला बोलायची मनाई केली होती. छातीत पाणी होतं, दम पुरत नव्हता. मी आत आले तशी वहिनी म्हणाल्या, "मॅडम, तुमी तरी सांगा ह्यास्नी गप बसायला." मी सांगितलं. तू नाकावरची नळी बाजूला केलीस.

"का? मी हरलोय व्हय अजून?"

मग तू मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, घरचं काही सांगायचं असेल. वहिनींनाही तसंच वाटलं, म्हणून त्या बाहेर जायला निघाल्या. तू त्यांना हातानेच थांबवलंस.

"कांबळे, शेपूट लांब करून बघ. सपाट झालं तर माझं वाक्य घाल निबंधात. न्हाय झालं तर तुझं. माझी मान आत्ताच हालली म्हणून समज." आणि खरोखरच मान हलवून दाखवलीस. नळी निसटली, नर्स येऊन ओरडली. ती गेल्यावर परत सुरू. "हरलीस तर दूध. मी नसलो तरीबी. ठरलंय ते ठरलंय."

"आणि तू हरलास तर?"

"तर काय, बसतो की गप. एकदा बसून दावतोच तुला."

तू हसलास. मीही हसले. त्यात गंभीर काही आहे असं तेव्हा वाटलं नव्हतं.

तू गेलास. मी शेपटी लांब केली नाही. विभागाने मला संगणक मोकळा करून दिला होता, त्यामुळे तेही कारण उरलं नव्हतं. रोज जाऊन बसायचे, प्रोग्रॅम उघडायचे, बंद करायचे. मला कामात दिरंगाई केलेली चालत नाही, हे तू सगळ्यांना घाबरवण्यासाठी सांगायचास. आता मीच करत होते. कारण मला माहीत होतं. उंचवटा राहो की जावो, उत्तर आलं की वाद मिटणार होता. तो मिटला नव्हता तोवर समोरची खुर्ची रिकामी नव्हती. तू काय म्हणशील, त्यावर मी काय म्हणेन, हे डोक्यात चालूच होतं, आणि ते चालू राहावं असं मला वाटत होतं. फार वाटत होतं.

एकदा घरी गेले. वहिनींनी चहा दिला, तुमच्या घरचा, अर्धा दुधाचा. आम्ही गोठ्याकडच्या पायरीवर बसलो. तुझी मोटारसायकल भिंतीला टेकून उभी होती. सहज विचारलं, गाडी कुणी चालू केली का.

"दीरांनी केलती परवा. हरणीनं मान वर केली. जरा बघितलं, आन परत वैरणीत घातली." वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुमी दोघांनी काय समजायचं ते समजा."

मग म्हणाल्या, "तुमचं ते भांडण मिटलं काय ओ मॅडम?"

"नाही अजून."

"शेवटपतुर तेच चाललंतं बघा. मला वाटलं, माझ्याशी कायतरी बोलतील. तर म्हणं शेपूट." त्या हसायला लागल्या आणि हसता हसताच त्यांनी पदर तोंडाला लावला. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. असलं काही मला जमत नाही, तुला ठाऊक आहे. हात ठेवून तशीच बसले. डोळे पुसून त्या म्हणाल्या, "मिटवून टाका. अर्धी धार सोडून ह्यो माणूस कधी उठला न्हाय. तुमीबी उठू नका."

त्यानंतर मी शेपटी लांब केली.

संगणक आपल्या गतीने चालत राहिला. मी रोज त्याच्यासमोर बसून बाकीची कामं केली, परीक्षेचे पेपर तपासले, मुलांवर चिडले. आकडे पुरे झाले त्या दुपारी आलेख उघडला. महादेव, उंचवटा खाली बसला. पण गेला नाही. तू म्हणाला होतास तसे पलीकडून पुष्कळ कण उशिरा परतले, आणि त्यांतल्या बहुतेकांना काहीही आठवत नव्हतं. तेवढ्यापुरता तू बरोबर होतास आणि तसं मी निबंधात लिहिलं आहे. पण थोडे होते. तेवढं लांब जाऊन, त्या गोंधळातून निघून, निघाले त्याच कलाने परत आलेले. दोनदा तपासलं. शेळीला शेळीचंच शेपूट होतं.

मी समोरच्या खुर्चीकडे बघून मोठ्याने म्हटलं, "महादेव, हरलास." दारातून एक विद्यार्थिनी डोकावली, "मॅडम, मला हाक मारलीत?" नाही म्हटलं.

निबंध गेला. तुझी मान हललेली होती, त्यामुळे नियम मोडला नाही. नावं आपली दोघांचीच आहेत. फक्त तुझ्या नावावर एक बारीक खूण करून खाली 'दिवंगत' असं लिहावं लागलं, तशी नियतकालिकाची पद्धत आहे. त्या एका शब्दाला मला निबंधातल्या कुठल्याही वाक्यापेक्षा जास्त वेळ लागला.

आज सकाळी गंगावेशीत गेले. तुझा भाऊ कट्ट्यावर होता, हरणीला घेऊन. मला बघून तो उठला, आणि शेजारचे गवळीही सवयीने जवळ आले.

"मॅडम, हरलासा व्हय?"

"नाही. तो हरला."

"मग?"

"भर पेला."

तो हरणीखाली बसला. धार काढली, पेला दिला. मी नाक न दाबता प्यायले, एका दमात, शेवटच्या फेसापर्यंत. कोणी हसलं नाही. पेला परत दिला, तोंड पुसलं आणि तिथेच उभी राहिले, कारण अशा वेळी नेहमी मागून तुझा आवाज येतो. आला नाही. हरणी वैरण खात होती.

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तू शिक्षा पुरी भोगतो आहेस, महादेव. दाखवलंस, मी मानलं. आता पुरे. तुझ्याबदली दूध मी प्यायले आहे. बोल.